बॅकफ्लो तपासनीसाचे प्रमाणपत्र घ्यावे का?

प्रश्न: मी राजारामपुरीत राहतो. आयटीआयमधून प्लंबरचा कोर्स करून नऊ वर्षे झाली. हाताखाली दोन पोरे आहेत. घरगुती कामांखेरीज गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्याचे देखभालीचे काम माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर येऊन गेला आणि त्याने बॅकफ्लो प्रिव्हेंटरच्या (पाणी लाइनमध्ये उलटे जाऊ न देणाऱ्या उपकरणाच्या) वार्षिक चाचणीचा अहवाल मागितला. मॅनेजर म्हणाले, तुम्हीच करून द्या. शोधाशोध केल्यावर एका संस्थेची जाहिरात मिळाली: दोन दिवसांचा ऑनलाइन वर्ग, 38,000 रुपये, आणि शेवटी ‘आंतरराष्ट्रीय बॅकफ्लो टेस्टर’ असे प्रमाणपत्र. ह्यूस्टनला असलेला मामेभाऊ सांगतो की तिकडे या कामाला चांगला पैसा आहे. घरचे म्हणतात, एवढे पैसे घालू नकोस. प्रमाणपत्र घेऊ का? कोल्हापुरात हे काम चालेल का? आणि एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी साधी झडप) बसवला की हेच काम होत नाही का?

उत्तर: जाहिरातीतले प्रमाणपत्र घेऊ नका. घरच्यांचे म्हणणे या वेळी बरोबर आहे, मात्र त्याचे कारण पैशापेक्षा वेगळे आहे आणि ते समजण्यासाठी तुमचा तिसरा प्रश्न आधी घ्यावा लागेल, कारण एनआरव्ही आणि बॅकफ्लो प्रिव्हेंटर यांतला फरक ज्याला नीट कळला त्याला ऑनलाइन वर्गात काय शिकवता येते आणि काय येत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

एनआरव्हीत एकच झडप असते. तिच्या बैठकीवर वाळूचा कण किंवा गंजाचा पापुद्रा अडकला की ती अर्धवट उघडी राहते, आणि ती उघडी राहिली आहे हे बाहेरून कोणालाही कळत नाही, कारण तपासायला त्यावर जागाच ठेवलेली नसते. चाचणीयोग्य बॅकफ्लो प्रिव्हेंटर पाणी उलटे जाऊ देत नाही हे खरे, पण त्याचे वेगळेपण याहून पुढचे आहे: तो अजून काम करतो आहे की नाही हे लाइनवरून न काढता, गेज लावून सिद्ध करता येते. त्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना शट-ऑफ व्हॉल्व्ह असतात आणि अंगावर छोटे टेस्ट कॉक, म्हणजे गेज जोडायचे नळ, असतात. ऑडिटरने मागितला आहे तो हा पुरावा. एनआरव्हीचे बिल दाखवून त्याचे समाधान होणार नाही.

पाणी उलटे जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत पुरवठ्याच्या लाइनमधला दाब पडतो आणि ग्राहकाच्या बाजूचे पाणी ओढले जाते. दुसरीत ग्राहकाच्याच बाजूला पंप, बॉयलर किंवा उंच टाकी असते आणि तिचा दाब पुरवठ्यापेक्षा वरचढ होतो. तुमच्या कारखान्यात दोन्ही शक्यता आहेत. उपकरणे धुण्यासाठी कॉस्टिक सोडा किंवा आम्ल फिरवणारा सीआयपी (उपकरणे न सुटी करता जागच्या जागी धुण्याचा) पंप चालू असताना पिण्याच्या पाण्याची लाइन त्या टाकीला कुठेतरी थेट जोडलेली असेल, तर ते रसायन मागे येऊ शकते. आणि पंप बंद असला तरी पुरवठा खंडित होताच तीच टाकी लाइनमध्ये ओढली जाऊ शकते.

ओढले जाणे ही किरकोळ बाब वाटत असेल, तर अमेरिकेतल्या वूस्टर शहरातले 1969 सालचे प्रकरण लक्षात ठेवा. होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातल्या खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून 97 पैकी 90 जणांना काविळीची लागण झाली आणि दोन सामन्यांनंतर संघाचा उरलेला हंगाम रद्द करावा लागला. शहरात लागलेली आग विझवताना बंबांनी इतके पाणी उपसले की मैदानाकडे जाणाऱ्या लाइनमधला दाब पडला, आणि मैदानातल्या तुषार सिंचनाच्या खड्ड्यांत साचलेले दूषित पाणी त्या लाइनमध्ये ओढले जाऊन खेळाडू ज्या नळावर पाणी पीत होते तिथे आले. नळ फुटला नव्हता, कोणी काही मुद्दाम मिसळले नव्हते. लाइनवरचा दाब काही काळ गेला, एवढेच घडले होते.

आता हे आपल्या गल्लीत आणून पाहा. तिकडे आग लागल्यावर जे घडले ते आपल्याकडे रोज पाणी बंद होताना घडते. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन 2023 मध्ये पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचली, तरी धरणातून आलेले पाणी गल्लीच्या वाहिनीत ठराविक वेळच दाबाखाली असते, आणि उरलेल्या वेळात उंचावरच्या भागातली लाइन रिकामी होताना हवा, माती, शेजारच्या गटारीचे पाणी, जे मिळेल ते ओढत असते. त्यात नळाला थेट मोटर लावणारे शेजारी असले की विचारायलाच नको. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ पसरली होती हे तुम्हाला आठवत असेल. तुमच्या धंद्यातला माणूस बोअरची आणि नळाची लाइन एकाच टी-जोडाने जोडून मध्ये एक एनआरव्ही टाकतो तेव्हा तो याच साखळीत आणखी एक कडी घालत असतो. हे मी दोष म्हणून सांगत नाही. घरमालकाला दोन्ही पाणी एकाच टाकीत हवे असते आणि तो पैसे त्याचेच देतो. पण अशा घरी महागडे उपकरण बसवायची गरज नसते. नळाचे आणि बोअरचे पाणी वेगवेगळ्या पाइपांनी टाकीत वरून पडू द्यावे आणि पाइपाचे तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, पण कोणत्याही परिस्थितीत 25 मिलिमीटरपेक्षा कमी नाही, एवढे उंच ठेवावे. या हवेच्या अंतराइतके खात्रीचे बॅकफ्लो प्रिव्हेंटर अजून कोणी बनवलेले नाही, त्यात बिघडण्यासारखे काहीच नाही आणि त्याची तपासणी नुसत्या डोळ्यांनी होते. बॉल कॉकला लांब नळी जोडून ती टाकीच्या तळापर्यंत सोडण्याची आपल्याकडची पद्धत, ‘पाणी पडल्याचा आवाज येऊ नये म्हणून’, हे अंतर एका झटक्यात संपवते; ती तेवढी बंद करा.

कारखान्यात जिथे हवेचे अंतर ठेवता येत नाही तिथे धोक्याच्या प्रमाणात उपकरण निवडतात. रसायन, बॉयलर, सीआयपी अशा आरोग्याला घातक जोडणीसाठी रिड्यूस्ड प्रेशर प्रकारचा प्रिव्हेंटर वापरतात, ज्याला बोलताना सगळे आरपीझेड म्हणतात. कमी धोक्याच्या ठिकाणी डबल चेक, म्हणजे नुसते दोन चेक व्हॉल्व्ह असलेला प्रिव्हेंटर, चालतो. आरपीझेडमध्ये एकामागे एक दोन चेक व्हॉल्व्ह (एनआरव्हीसारख्या एकदिशा झडपा) असतात आणि त्यांच्या मधल्या कप्प्याला खालून एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. मधल्या कप्प्यातला दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा नेहमी थोडा कमी राहावा, आणि तो फरक धोक्याच्या मर्यादेपर्यंत घटला तर कप्प्यातले पाणी मागे न जाता जमिनीवर सांडून जावे, अशी त्याची रचना आहे. आरपीझेडमधून अधूनमधून पाणी गळते म्हणून रिलीफच्या तोंडाला बूच मारणारे महाभाग मेंटेनन्स खात्यांत असतात. बूच मारलेला आरपीझेड म्हणजे दोन एनआरव्ही, अधिक काही नाही.

चाचणी कशी होते हे एकदा बारकाईने वाचा, म्हणजे दोन दिवसांच्या स्क्रीनवर ती शिकता येईल का हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. सुरुवातीला पुढचे पाणी बंद होणार असल्याचे संबंधितांना कळवायचे आणि टेस्ट कॉक क्षणभर उघडून त्यांतला गाळ धुऊन काढायचा. डिफरन्शियल प्रेशर गेजची (दोन ठिकाणच्या दाबांतला फरक दाखवणाऱ्या गेजची) उच्च दाबाची नळी दुसऱ्या कॉकला आणि कमी दाबाची नळी तिसऱ्या कॉकला लावायची, नळ्यांतली हवा पूर्ण काढायची आणि मग पुढचा, म्हणजे ग्राहकाच्या बाजूचा, शट-ऑफ व्हॉल्व्ह सावकाश बंद करायचा. काटा स्थिर झाला की तो पहिल्या चेक व्हॉल्व्हवरचा दाबाचा फरक दाखवतो. तो सर्वसाधारणपणे 5 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) किंवा त्याहून जास्त असायला हवा. त्यानंतर गेजवरचा छोटा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून उच्च बाजूचे पाणी कमी बाजूला सोडायचे. काटा हळूहळू खाली येऊ लागतो. एक हात गेजवर आणि दुसरा रिलीफच्या तोंडाखाली धरून बसायचे, आणि हातावर पहिला थेंब पडला त्या क्षणी काटा कुठे होता ते वाचायचे. तो 2 पीएसआयवर किंवा त्याच्या वर असेल तर रिलीफ पास; त्याच्या खाली गेल्यावर थेंब आला तर नापास. मग चौथ्या कॉकला पाणी देऊन दुसरा चेक व्हॉल्व्ह उलट दाब धरतो का ते पाहायचे. आपण लोक दाब किलोत, म्हणजे चौरस सेंटीमीटरला किलो असा, मोजतो, त्या हिशेबाने 2 पीएसआय म्हणजे जेमतेम 0.14 किलो होतो. पाण्याच्या नेहमीच्या गेजवर एवढा फरक दिसतसुद्धा नाही, म्हणून या कामाला 0 ते 15 पीएसआयचा खास गेज लागतो आणि त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, दरवर्षी करून घ्यावे लागते.

यात हमखास फसवते ती गोष्ट वेगळीच आहे. पुढचा शट-ऑफ व्हॉल्व्ह जुना झाल्याने पूर्ण बंद होत नसेल, तर आतून पाणी वाहत राहते आणि गेजवर दिसणारे आकडे खोटे असतात. चांगला प्रिव्हेंटर नापास दिसू शकतो आणि बिघडलेला पास दिसू शकतो. पाणी वापरात नसतानाही रिलीफमधून धार चालू असेल तर बहुधा पहिल्या चेक व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा बसलेला असतो. तो उघडून रबराची डिस्क धुतली तरी कधी कधी काम भागते. ही निदाने हाताला पाणी लागल्याशिवाय येत नाहीत. तुमच्याकडे नऊ वर्षांचा हात आहे. ज्याच्याकडे तो नाही अशा माणसाला त्या संस्थेने कागद दिला, तर तो आणि तुम्ही अहवालावर सारखेच दिसाल, आणि 38,000 रुपये देऊन तुम्ही त्या रांगेत उभे राहावे असे मला वाटत नाही.

आता प्रमाणपत्रांविषयी. या कामात ‘आंतरराष्ट्रीय’ असा सर्वत्र चालणारा परवाना नाही. पाणी पुरवणारी किंवा नियमन करणारी स्थानिक यंत्रणा जे मानते तेच तिथे चालते. अमेरिकेत एएसएसई इंटरनॅशनल या प्लंबिंग क्षेत्रातल्या संस्थेचे 5110 हे तपासनीसाचे मानक प्रसिद्ध आहे. त्यात 40 तासांचे प्रशिक्षण, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष उपकरणांवर प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. अमेरिकन बॅकफ्लो प्रिव्हेन्शन असोसिएशनही लेखी आणि प्रात्यक्षिक घेऊनच प्रमाणित करते. तुमचे मामेभाऊ राहतात त्या टेक्सास राज्यात राज्याच्या पर्यावरण आयोगाचा परवाना लागतो. त्यासाठी शालेय शिक्षण, दोन वर्षांचा अनुभव, 40 तासांचा वर्ग आणि परीक्षा या अटी आहेत. ते सांगतात ते खरे आहे, पण तिथला पैसा कुठून येतो तेही त्यांना विचारा. तिथे पाणीपुरवठा करणारी संस्था ग्राहकाला चाचणीची नोटीस पाठवते आणि अहवाल आला नाही तर पाणी तोडण्यापर्यंत जाऊ शकते. धंदा त्या नोटिशीवर उभा आहे. शिवाय परवाना मिळणे आणि कामाचा व्हिसा मिळणे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियात आधी प्लंबिंगचा परवाना आणि मग बॅकफ्लोचे प्रशिक्षण असा क्रम असतो. आखातात जायचा विचार असेल तर कंपनीकडून नेमके कोणते प्रमाणपत्र चालेल ते लेखी घ्या आणि मगच पैसे भरा.

आपल्याकडे बॅकफ्लो तपासनीस असा कायद्याने वेगळा परवाना नाही. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या नवव्या भागात पाणीपुरवठ्याचे नियम आहेत आणि इंडियन प्लंबिंग असोसिएशन व आयएपीएमओ ही प्लंबिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून काढलेल्या युनिफॉर्म प्लंबिंग कोड–इंडियामध्ये उलट प्रवाह रोखण्याच्या तरतुदी आहेत, पण दरवर्षी दारात येणारी नोटीस नाही. म्हणून कोल्हापुरात केवळ या कामावर घर चालेल असे मी सांगणार नाही. जोडधंदा म्हणून मात्र जागा आहे आणि ती वाढेल. निर्यात करणारे खाद्य कारखाने, दुग्धशाळा, डायलिसिस करणारी रुग्णालये, इचलकरंजीतले कापड प्रक्रिया उद्योग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमधले कूलिंग टॉवर या सगळ्यांकडे धोक्याच्या जोडण्या आहेत, आणि त्यांतल्या ज्यांचे गिऱ्हाईक परदेशी आहे त्यांच्याकडे ऑडिटर येतच राहणार. या भागात दाब आधीच कमी असतो हे विसरू नका: आरपीझेड वाहत्या पाण्याचा पाऊण किलोच्या आसपास दाब खातो, म्हणजे दोन मजल्यांहून जास्त उंची गेली. नळाच्या लाइनवर तो बसवून वर पाणी चढत नाही अशी तक्रार आली तर दोष उपकरणाचा नसेल, निवडीचा असेल.

जागेचाही विचार याच वेळी करा. आरपीझेड जमिनीपासून किमान 300 मिलिमीटर वर आणि पाणी साचणार नाही अशा जागीच बसवायचा असतो, कारण रिलीफचे तोंड पाण्यात बुडाले की तेच तोंड घाण पाण्याची वाट बनते. 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन शहराचा पुरवठा बंद पडला होता. लाइन रिकामी आणि भोवती पुराचे पाणी, अशा दिवशी तळघरातल्या खड्ड्यात बसवलेला आरपीझेड नसलेला बरा. पूररेषेच्या आतल्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगा, मग दर सांगा.

कारखान्याचे काम तुम्ही सोडू नये. मॅनेजरांना स्पष्ट सांगा की या वर्षीच्या अहवालावर तुम्ही सही करणार नाही, पण अहवाल होईल अशी व्यवस्था कराल. ऑडिटरचे मूळ वाक्य मागून घ्या. ‘प्रमाणित तपासनीस’ म्हटले आहे की ‘सक्षम व्यक्ती’, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. बसवलेल्या प्रिव्हेंटरच्या नावपट्टीवरून उत्पादक, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या, उत्पादकाच्या सेवा अभियंत्याकडून पहिली चाचणी करून घ्या आणि ती करताना शेजारी उभे राहा. त्याला दुरुस्ती किटही आणायला सांगा. तो येण्याआधी कारखान्यातल्या सर्व पाण्याच्या लाइनचा हाताने नकाशा काढा. टाकीत बुडवून ठेवलेली रबरी नळी, बोअर आणि नळ यांचा जोड, बॉयलरला थेट दिलेले पाणी, हे सगळे त्यात दिसले पाहिजे. अन्नसुरक्षा नियमांच्या चौथ्या अनुसूचीत पिण्यायोग्य नसलेल्या पाण्याचे पाइप वेगळे ओळखू यावेत अशी अट आहे, त्यामुळे हा नकाशा मॅनेजरांना दुसऱ्या ऑडिटमध्येही उपयोगी पडेल आणि त्याचे पैसे तुम्ही उजळ माथ्याने मागू शकाल.

पुढे प्रशिक्षण घ्यायचेच ठरले तर संस्थेला एवढे विचारा: गेज आणि चालू दाबाखालची उपकरणे माझ्या हातात किती तास देणार, परीक्षा शिकवणारा माणूसच घेणार की दुसरा, आणि कोणत्या संस्थेच्या मानकाखाली माझे नाव नोंदवले जाईल. तुम्हाला जाहिरात दिलेल्यांना हे तीन प्रश्न आजच पाठवा. उत्तर आलेच तर ते लेखी घ्या. इंडियन प्लंबिंग असोसिएशनची पुण्यात शाखा आहे, तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा, आणि महापालिकेचा प्लंबर परवाना अजून काढला नसेल तर तो आधी काढा.

गेज लगेच विकत घेऊ नका. तो महाग आहे, आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून दरवर्षी कॅलिब्रेशन करण्याचा खर्च वेगळा. ऑडिट कारखान्याचे आहे, तेव्हा तो त्यांनीच घेऊन स्टोअरमध्ये ठेवावा असे मॅनेजरांना सुचवा, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालाच्या नमुन्यात गेजचा क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख, दुरुस्तीपूर्वीचे आकडे आणि दुरुस्तीनंतरचे आकडे यांचे रकाने आतापासून छापून घ्या.